शाणू आणि माझी मापं

माझा धंदा काय हे सांगायला मला नेहमी दोन मिनिटं लागतात. गॅरेज म्हटलं की लोकांना पंक्चर आणि ब्रेक आठवतात. ती कामंही मी करतो, पोट त्यांच्यावरच चालतं. पण डिचोलीहून मुळगावला जाताना उतारावर माझं जे दुकान आहे, तिथे लोक खास वाट वाकडी करून येतात ते मोटारसायकल अंगाला बसवून घ्यायला. शॉकअप, स्प्रिंग, पुढच्या फोर्कातलं तेल, हे सगळं त्या माणसाच्या वजनाला, बसण्याच्या ढबीला आणि रोजच्या रस्त्याला जुळवून द्यायचं. शिंप्याने सदरा बेतावा तसं. कंपनीतून गाडी निघते ती कुणा एका सरासरी माणसासाठी. चाळीस वर्षांत तो माणूस काही माझ्या दुकानात आला नाही.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा त्यांना धंद्यातल्या गमतीजमती हव्या होत्या. त्या सांगतोच. पण खरं बोलायचं तर माझ्या धंद्याची गोष्ट ही हेव्याची गोष्ट आहे. चाळीस वर्षं मी एकाच माणसावर जळत आलो. त्याचं नाव शाणू. त्याचं दुकान पेडण्याच्या बाजूला, चोपड्याला, नदीकाठी. आमच्या दुकानांत तासाभराचं अंतर, पण माझ्या डोक्यात तो शेजारच्याच गाळ्यात बसलेला असायचा. शाणूचं नाव निघालं की तुम्हाला चहासुद्धा कडू लागतो, असं माझी बायको म्हणते. खोटं नाही.

आम्ही दोघं म्हापशाला एकाच मेस्तच्या, म्हणजे उस्ताद कारागिराच्या, हाताखाली शिकलो. शिकवणी एकच, पण आमची डोकी वेगळी निघाली. मी मापाचा माणूस. गाडी स्टँडवर चढवून मागचं चाक अधांतरी ठेवायचं आणि चाकाच्या आसापासून सीटखालच्या खुणेपर्यंत टेप लावायची. मग चाक जमिनीला टेकवून माणसाला वर बसवायचं आणि पुन्हा मोजायचं. दोन्हींतला फरक म्हणजे गाडी त्याच्या भाराने किती बसली ते. शॉकअपला वरखाली व्हायला जेवढी जागा असते, तिच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी गाडी बसायला हवी. कमी बसली तर खड्ड्यावरून उडते, जास्त बसली तर आपटते. दबलेली गाडी परत किती वेगाने वर यायची हे तेल ठरवतं. तेल पातळ असेल तर गाडी नाचते, फार दाट असेल तर एका खड्ड्यातून सावरायच्या आत दुसरा येतो. विद्या एवढीच. बाकी सगळा धीराचा खेळ.

माझ्याकडे एकोणतीस वह्या आहेत. नाव, गाव, वजन, उंची, मागे कोण बसतं, काय लादतात, रस्ता डांबरी की खाणीचा, सगळं लिहिलेलं. काम झालं की प्रत्येक नटावर लाल रंगाचा एक ठिपका द्यायचा, म्हणजे नंतर कुणी हात लावला तर कळतं.

शाणूकडे वही नव्हती. टेप होती, पण ती दाराला अडसर म्हणून वापरलेली मी स्वतः पाहिली आहे. तो सीटवर तळहाताने दोनदा दाबायचा, गिऱ्हाइकाला गाडी घेऊन वळणापर्यंत जाऊन यायला सांगायचा, आणि जाणाऱ्याच्या पाठीकडे बघत उभा राहायचा. मग काहीतरी फिरवायचा. आणि गाडी बसायची, हे सांगताना माझे दात आजही शिवशिवतात. माझं काम वहीत राहायचं आणि त्याचं लोकांच्या तोंडी.

आमच्या भागातला एक पदेर, म्हणजे सायकलवरून किंवा आता मोटारसायकलवरून घरोघर पाव नि उंडे विकणारा, एकदा माझ्याकडे आला. मागे हा एवढा मोठा करंडा. गाडी डुलते, दोनदा पडता पडता वाचलो, म्हणाला. पाहिलं तर कुणीतरी स्प्रिंगा पार कडक करून ठेवलेल्या. करंडा मोठा म्हणून ओझं मोठं, असा हिशेब. मी करंडा भरल्या पावासकट काट्यावर ठेवला. पाव तो, त्याला वजन किती असणार? एखाद्या शाळकरी पोराएवढंसुद्धा भरलं नाही. डुलणं होतं ते वाऱ्याचं. स्प्रिंगा सैल केल्या, करंडा वीतभर पुढे आणि खाली घेतला, गाडी गरीब गायीसारखी चालू लागली. मी खूश. तेवढ्यात तो म्हणाला, की शाणू मेस्तनेच तुमच्याकडे पाठवलं. हे मोजायचं काम आहे, मोजण्यात वामनचा हात कुणी धरणार नाही, असं म्हणाला.

दुसऱ्या कुणाची छाती फुगली असती. मला वाटलं, बघा, मला कारकून ठरवला. मोजमाप असेल तर वामन, आणि अक्कल लागेल तिथे हे स्वतः.

दुसरा असाच एक मनात रुतलेला. पर्वरीचा एक तरणा गडी, नवी कोरी दांडगी मोटारसायकल. त्याला मागचा शॉकअप दगडासारखा हवा होता, कारण गाडी मागून उंच दिसते. मी त्याला अर्धा तास समजावलं, कागदावर आकृत्या काढल्या. चाक जमिनीवर नीट टेकलं नाही तर वळणावर काय होतं ते दाखवलं. त्याने मान डोलावली आणि सरळ चोपडे गाठलं. शाणूने काय करावं? आकृती नाही, भाषण नाही. मागे तो म्हणेल तसं कडक करून दिलं आणि सांगितलं, आता आईला मागे बसवून पेडण्याच्या बाजारात नेऊन आण, मग पुढचं बोलू. आईने परत आल्यावर त्याला जे काही ऐकवलं असेल ते असेल. त्याच दिवशी त्याने शॉकअप मऊ करून घेतला. ही गोष्ट मला निदान सहा जणांनी हसत हसत सांगितली. मीही हसलो. ज्याचं जळतं त्याला कळतं.

आता पुंडलिकाचं सांगतो, ज्याच्यासाठी मुळात हे लिहायला बसलो.

पुंडलिक मूळचा दोडामार्गाकडचा. खाणीवर ट्रक चालवायला गोव्यात आला, नार्व्याला बिऱ्हाड केलं. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक गेला. त्याने एक जुनी मोटारसायकल घेतली, मागे मासळीची पेटी बांधली आणि धंदा सुरू केला. पहाटे चोपड्याच्या काठावर मासळी घ्यायची, बर्फात घालायची, आणि म्हापशावरून मुळगाव, डिचोली करत नार्व्यापर्यंत विकत यायचं. बाजूच्या वाड्यांवरचे रस्ते खाणीच्या ट्रकांनी खाल्लेले. वर्षानुवर्षं ट्रकात बसून त्याच्या कण्यातली एक चकती सरकली होती, ती आता बोलू लागली. डॉक्टरांनी सांगितलं, दुचाकी सोडा. तो माझ्याकडे आला तो सोमवारी. सोमवारी आमच्याकडे घराघरांत मासळी बंद, म्हणून त्याला तेवढाच दिवस मोकळा. पेटी धुऊन घरी ठेवून आला होता.

"मेस्तांनु, गाडी सुटली तर मी करतलंय काय?" एवढंच म्हणाला. घरात बायको, शिकणाऱ्या दोन मुली आणि तिकडे गावात म्हातारी आई. दुसरं काही येत नव्हतं त्याला, आणि त्या कमरेने दुसरं काही जमलंही नसतं.

मी जीव ओतला. पेटीत भरते तेवढ्या वजनाची वाळू पोत्यात भरून मागे बांधली. भरल्या पेटीचं माप घेतलं, अर्ध्या पेटीचं घेतलं, रिकाम्या पेटीचं घेतलं. दुसऱ्या एका गाडीच्या मऊ स्प्रिंगा शोधून लावल्या, पुढचं तेल बदललं. पुढच्या सोमवारी आला. आपटत नाही, पण कंबर तशीच, म्हणाला. पुन्हा मोजलं, स्प्रिंगचा ताण एका खाचेने कमी केला. तिसऱ्या सोमवारी तो गाडीवरून उतरला तेव्हा हँडल धरून थोडा वेळ तसाच उभा राहिला. डोळ्यांत पाणी होतं, ते त्याने घामासारखं पुसलं. माझ्या वहीप्रमाणे सगळं बरोबर होतं. मी त्याला तेच सांगितलं, की वहीप्रमाणे सगळं बरोबर आहे. आज ते आठवलं की लाज वाटते.

चौथ्या सोमवारी तो आला नाही. महिनाभर दिसला नाही. मग एके दिवशी मुळगावात त्याचा भोंगा ऐकू आला. बायका ताटल्या घेऊन जमलेल्या आणि हा गडी गाडीवरून ताठ उतरून पेटी उघडतोय. कुठेही हात न टेकता. मी जवळ गेलो, बरं वाटलं म्हणालो, आणि विचारलं कसं काय.

"शाणू मेस्तान केल्यान," तो म्हणाला. "तासभर पण लागाक नाय."

मी तिथून बांगडे घेऊन घरी आलो. त्या दिवशी ते मला चवीला लागले नाहीत.

पुढे एका सोमवारी तो साखळी ताणून घ्यायला आला. गाडी माझ्याकडे टाकून बाजारात दाढी करायला गेला. साखळी दहा मिनिटांचं काम. ते झालं, आणि मी शॉकअपकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसा इकडे तिकडे बघूनच वाकलो. माझे लाल ठिपके जागच्या जागी होते. खाच माझी, स्प्रिंग माझी. पुढचे नट उघडलेलेच नव्हते. शाणूने माझ्या कामाला बोट लावलं नव्हतं. मग त्याने केलं काय? मी सीट काढली. सीटच्या तळाला, एका अंगाला, रबरी चपलेच्या तळव्यातून कापलेला एक तुकडा चिकटवलेला होता. अर्ध्या बोटाएवढा जाड. बस. म्हणजे सीट एका बाजूने किंचित उचललेली, एवढाच त्याचा पराक्रम.

माझी तीन सोमवारांची मापं, तेल, स्प्रिंगा, आणि नाव कुणाचं, तर चपलेच्या तुकड्याचं. मला जे वाटलं त्याला राग म्हणता येणार नाही. रागाला काहीतरी कारण असतं. हा निखळ मत्सर होता, आणि त्याने कारागिराचा आव आणला. मी स्वतःला म्हणालो, हे काय काम आहे? सीट एकाच अंगावर टेकली तर तळ तडकेल, पुंडलिक पडेल. स्क्रू ड्रायव्हर घातला. तुकडा निघेना. डिंक कसला जबर लावला होता. तळाला चरे पडले तरी खरवडून खरवडून काढला आणि गटारात फेकला. सीट बसवली. पुंडलिक आला तेव्हा त्याला सांगितलं, साखळी झाली, सीट जरा हलत होती तीही घट्ट केली. देव बरे करो म्हणून तो गेला.

गुरुवारी मुळगावातच, शाळेच्या पुढे, त्याला गाडीवरून उतरता येईना. पाय जमिनीवर, पण वरचं अंग हलेना. मासळीला आलेल्या बायकांनी गाडी दोन्हीकडून धरून ठेवली आणि दोघा पुरुषांनी त्याला उचलून ओट्यावर निजवलं. ते माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. मी धावलो. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. अकरा दिवस तो अंथरुणावर होता. तेवढ्या दिवसांत कायमच्या बायकांनी दुसऱ्याकडून मासळी घ्यायला सुरुवात केली.

मी नार्व्याला त्याला बघायला गेलो. बायकोने चहा दिला. पुंडलिक चटईवर कुशीवर पडला होता, मान न वळवताच मला म्हणाला, की तुमचा काही दोष नाही, माझं हाडच नासकं. धाकटी मुलगी दाराशी अभ्यास करत होती, ती वर बघून हसली. त्या घरात तोंड उघडायला मला पाच वेळा संधी होती. मी चहा पिऊन आलो.

त्याच्या पुतण्याने गाडी टेंपोतून चोपड्याला नेली. दोन आठवड्यांनी पुंडलिक पुन्हा ताठ बसून भोंगा वाजवत आला आणि मुद्दाम माझ्या दुकानाशी थांबला, मी काळजी केली होती म्हणून. काय झालं होतं, मी विचारलं. तो म्हणाला, शाणू मेस्तने सीटखाली एक रबर लावला होता तो पडला. मेस्त म्हणाला, माझाच डिंक वाईट होता. आता दोन स्क्रू मारलेत.

माझाच डिंक वाईट. ज्याने कुणी ती सीट उलटी करून पाहिली असेल, त्याला ते चरे दिसणारच. शाणूला कळलं होतं की रबर पडला नाही, काढला. कुणी काढला हेही कळलं होतं, कारण पुंडलिकाच्या गाडीला तिसरा कुणी हात लावतच नव्हता. आणि तरी त्याने सगळं आपल्या डिंकावर घेतलं. आजवर मला त्याच्या हाताचा हेवा वाटत होता. आता मनाचाही वाटू लागला, आणि हा दुसरा जास्त वाईट. हात निदान शिकून तरी येतो.

चार दिवस काढले आणि पाचव्या दिवशी चोपड्याला गेलो. शाणू नदीकडे पाठ करून एक फोर्क साफ करत बसला होता. त्याने मला स्टूल दिलं, कपभर चहा मागवला, म्हापशाच्या आमच्या मेस्तची आठवण काढली. मी चहा तसाच ठेवला आणि सांगितलं, रबर मी काढला.

"माका खबर आसा," तो म्हणाला, आणि हातातला फडका बाजूला ठेवला. "पुंडलिकाक सांगू नको. तेचो तुझ्यार इस्वास आसा. इस्वास गेलो तर गाडीवर बसतानाच तो भियातलो."

माफीबिफी काही नाही. मी त्याला विचारलं, मग तुला कळलं कसं की सीट एका अंगाने उचलायची? मी तर सगळं मोजलं होतं. त्याने काही लपवलं नाही. एखादा असता तर म्हणाला असता, की ते हातालाच कळतं. मी त्याच्या जागी असतो तर नक्की तसंच म्हणालो असतो.

"मी तेका इचारलंय, तू खंयच्या कुशीर निजतंस. तो म्हणालो उजव्या, डाव्या कुशीर निजाक जमणा नाय. इतक्याच." मग फडका पुन्हा उचलत म्हणाला, "तुझी मापां बरोबर होती. म्हणान मी तेंका हात लावूक नाय."

कुठल्या कुशीवर झोपतोस. एकोणतीस वह्या आणि एकाही वहीत हा रकाना नव्हता. माणूस शुद्धीत असताना अंग सावरून धरतो, लाजतो, माझ्यासमोर तर ताठ बसून दाखवतो, कारण मी टेप घेऊन उभा असतो. झोपेत अंग आपली बाजू आपण निवडतं. दुखरी बाजू कुठली ते कळलं की बसायला कुठे आधार द्यायचा ते उघड आहे. ऐकल्यावर इतकं सोपं वाटलं की मला त्याचाही राग आला.

याला आता सहा वर्षं होतील. तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तो प्रश्न विचारतो. वहीत नवीन रकाना आहे. माझ्या हातून गाड्या पूर्वीपेक्षा चांगल्या बसतात, विशेषतः पन्नाशीपुढच्या लोकांच्या. वामन मेस्त माणूस वाचतो, असं आता लोक म्हणतात. पुंडलिक अजून गाडी चालवतो, थोरली मुलगी नर्स झाली. त्याला मी आजवर काही सांगितलेलं नाही. शाणूची आज्ञा म्हणून नाही सांगितलं, असं मी म्हणतो. ती अर्धी खरी गोष्ट. हे छापून आलं की त्याला कळेलच.

शाणूचे डोळे अधू झाले तेव्हा दोन वर्षांपूर्वी त्याने दुकान बंद केलं. पेडण्याकडची माणसं मग माझ्याकडे यायला लागली. चाळीस वर्षं ज्या गर्दीवर मी जळलो, ती आपल्या पायांनी उतार चढून माझ्या दारात आली. गेल्या महिन्यात चोपड्याची एक बाई आली, आरोग्य केंद्रात काम करते, रोज स्कूटरवरून वाड्यावाड्यांना फिरते. मी तिचं वजन घेतलं, गाडीची बसणी मोजली, मग तिला विचारलं, कुठल्या कुशीवर झोपता. ती हसली.

"शाणू मेस्त पण असाच इचारायचो," ती म्हणाली. "तुमच्याकडसून शिकलो काय तो?"

माझ्या हातात पाना होता. मला वेळ होता, नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी हो म्हणालो.

ती समाधानाने गेली. चोपड्याला जाऊन तिने ते चार जणांना सांगितलं असेल, आणि शाणूच्या कानावर गेलं असेल, तरी तो कुणाला काही बोलला नसेल हे मी पैजेवर सांगतो. त्याला आता अक्षर लागत नाही. दर दिवाळीला त्याची सून त्याला हा अंक वाचून दाखवते, म्हणून लेख मुद्दाम इथेच दिला. सूनबाई, घरात चार माणसं असताना वाच आणि एवढं वाक्य जरा मोठ्याने वाच: तो प्रश्न तुझ्या सासऱ्यांचा आहे, मी तो चोरला.